थायरॉइडच्या अहवालाचे कोडे

गेल्या महिन्यात एका सकाळी दवाखान्याचे दार उघडण्यापूर्वीच एक सासू-सून पायरीवर बसलेल्या दिसल्या. सुनेच्या हातात प्रयोगशाळेचा अहवाल होता आणि चेहऱ्यावर रात्रभराचे जागरण. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका सवलतीच्या तपासणी-योजनेत चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींचे रक्त तपासले गेले होते. अहवालात टीएसएच ०.०२ आणि फ्री टी-४ तब्बल ३.४ असे आकडे जाड लाल अक्षरांत छापलेले. शेजारच्या कोणीतरी सांगितले होते की, ही ग्रंथी अतिरेकी काम करीत आहे, हृदयावर ताण येईल, ताबडतोब औषध सुरू करा.

मी आजींची नाडी पाहिली. ठोके बहात्तर, नियमित. हात पुढे करायला सांगून बोटांवर कागद ठेवला, कंप नाही. तळवे कोरडे. वजन वर्षभरात होते तेवढेच. "आजी, झोप कशी लागते?" असे विचारले, तर म्हणाल्या, "झोपेचं काय डॉक्टर, ही सून रात्रभर जागी, म्हणून मला जाग." ज्या रुग्णाच्या रक्तात थायरॉइडचे संप्रेरक दुपटीने वाढले आहे, तो असा शांत बसून विनोद करीत नाही, असे अगदी म्हणता येणार नाही. वृद्धांमध्ये हा आजार कधी कधी फारच अबोल असतो. तरीही अहवाल आणि माणूस यांचा मेळ बसेना. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला : घरात ज्या ज्या गोळ्या, पुड्या, बाटल्या आहेत, त्या सगळ्या पिशवीत घालून आणाल का?

संध्याकाळी पिशवी आली. रक्तदाबाची गोळी, गुडघ्याचे तेल, इसबगोल, आणि न्यू जर्सीतल्या मुलीने केस गळतात म्हणून पाठविलेली एक देखणी बाटली. तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते : बायोटिन, १० मिलिग्रॅम. कोडे तिथेच सुटले.

ते कसे, हे सांगण्यापूर्वी या आकड्यांची थोडी ओळख करून घ्यायला हवी. मानेच्या पुढच्या भागात असलेली थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, मुख्यतः टी-४ आणि थोड्या प्रमाणात टी-३ ही संप्रेरके तयार करते. ती किती करावीत, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो आणि तो हुकूम म्हणजे टीएसएच. रक्तात टी-४ कमी पडला, की पीयूषिका आवाज चढविते, टीएसएच वाढतो. टी-४ पुरेसा झाला, की ती आवाज उतरविते. म्हणून टीएसएच वाढलेला म्हणजे ग्रंथी मंद, आणि टीएसएच घटलेला म्हणजे ग्रंथी जास्त चालते, असा उलटा हिशेब असतो. पुष्कळ घरांत 'टीएसएच जास्त, म्हणजे थायरॉइड जास्त' असे समजून गोळीच बंद केली जाते. ही चूक मी दरवर्षी दोन-तीनदा तरी पाहतो. दुसरे असे, की पीयूषिका फार हळवी आहे. टी-४ मध्ये किंचित घट झाली तरी टीएसएच कित्येक पटींनी उसळतो. त्यामुळे टीएसएच दुप्पट झाला, म्हणजे आजार दुप्पट झाला, असे नाही.

आता बायोटिन. हे 'ब' गटातील एक जीवनसत्त्व. प्रौढ माणसाला रोज सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरते आणि ते साध्या आहारातून मिळते. केसांच्या व नखांच्या गोळ्यांत मात्र ते ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या शेकडो पट असते. शरीराला त्याचा उपद्रव नाही. उपद्रव आहे तो प्रयोगशाळेतील यंत्राला. अनेक यंत्रांतील रसायनांमध्ये बायोटिन हेच एखाद्या आकड्यासारखे वापरलेले असते. रक्तातील टीएसएचला पकडायचे आणि त्या आकड्याने एका पृष्ठभागाला अडकवून मोजायचे, अशी ती पद्धत. रुग्णाच्या रक्तातच बायोटिनचा पूर असेल, तर अडकविण्याच्या जागा तेच अडवून बसते, पकडलेला टीएसएच धुऊन जातो आणि यंत्र खोटा कमी आकडा दाखविते. टी-४ ची मोजणी उलट्या रीतीने होते, म्हणून तिथे हीच गडबड खोटा जास्त आकडा देते. गंमत पाहा : टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटा जास्त. ग्रंथीच्या अतिरेकाचे हुबेहूब सोंग! अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा दिला. सगळ्याच यंत्रांत हा दोष नसतो, पण आपले रक्त कोणत्या यंत्रात गेले हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते.

आजींची ती बाटली बंद केली आणि आठवड्याने पुन्हा रक्त घेतले. टीएसएच २.६, टी-४ अगदी मध्यावर. दोन-तीन दिवस बंद ठेवूनही बहुधा भागते. मी थोडा जास्त सावध आहे. पहिल्या अहवालावर विसंबून ग्रंथीला दाबणारे औषध सुरू झाले असते, तर धडधाकट ग्रंथी मंदावली असती, आणि त्या औषधाने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात, तो धोका वेगळाच. केसांच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने रक्त देताना हे सांगावे. 'ते काही औषध नाही' म्हणून सांगायचे राहून जाते.

हे वाचून डॉक्टर फार हुशार, असा समज व्हायला नको. म्हणून माझीच एक चूक सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त शिक्षिका, वय एकोणसत्तर, कित्येक वर्षे ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनवर व्यवस्थित होत्या. अचानक टीएसएच ११ आला. मी मात्रा १०० केली. तीन महिन्यांनी ९. मी ती १२५ केली. वय वाढले, ग्रंथी आणखी खालावली, असे मनाशी म्हटले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. दरम्यान हाडे ठिसूळ होत आहेत म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना कॅल्शियम दिले होते, आणि बाई शिस्तीच्या. सकाळी उपाशीपोटी दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेत होत्या. कॅल्शियम आतड्यातच थायरॉक्सिनला धरून ठेवते. मी वाढवीत होतो ती मात्रा रक्तात पोहोचतच नव्हती. पुढे बद्धकोष्ठ झाला म्हणून त्यांनी कॅल्शियम आपणहून थांबविले आणि आता १२५ ची सगळीच गोळी रक्तात उतरू लागली. दोन महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा छातीत धडधड होती आणि नाडी पूर्णपणे अनियमित. ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन. टीएसएच ०.०३, आणि या वेळी तो आकडा खरा होता.

त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मात्रा पुन्हा ७५ वर आणली, काही महिने रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यावी लागली, हळूहळू लय जागेवर आली. बाईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दोष माझाच होता. मी आकड्याला उत्तर दिले, प्रश्न विचारला नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातून १९९४ मध्येच दिसून आले होते, की साठीपुढच्या ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी असतो, त्यांच्यात पुढच्या दहा वर्षांत ही हृदयाची अनियमितता सुमारे तिप्पट आढळते. हाडांचीही झीज होते. वाचलेले होते, त्या दिवशी समोर बसलेले पाहिले.

म्हणून, ठरलेल्या मात्रेवर असलेल्या रुग्णाचा टीएसएच एकाएकी वाढला, तर मात्रेपूर्वी दिनक्रम विचारावा. गोळी केव्हा आणि कशाबरोबर घेतली जाते? थायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचे, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. आपल्याकडे चहावाचून पहाट होत नाही, हे मला मान्य आहे. ज्यांना ते खरोखरच जमत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घ्यावी, तीही चालते. कॅल्शियम व लोह यांच्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर हवे. पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनाही कधी मात्रा थोडी वाढवावी लागते. शिवाय बाटली कुठे ठेवली आहे ते पाहावे. आपल्याकडे या गोळ्या बहुधा शंभराच्या बाटलीत मिळतात. ती गॅसच्या शेजारच्या फळीवर किंवा न्हाणीघरात राहिली, तर उष्णता आणि दमटपणा यांनी गोळीचा कस कमी होतो. आमच्या साताऱ्याच्या पावसाळ्यात पापडही मऊ पडतात, तिथे गोळीचे काय! बाटलीतील ओल शोषणारी पुडी फेकू नये.

आणखी एक प्रकार नाजूक आहे, आणि तो काळजीवाहूंनी समजुतीने हाताळावा. टीएसएच वाढलेला आणि टी-४ मात्र भरपूर, असा विसंगत अहवाल कधी येतो. महिनाभर गोळ्या चुकलेल्या असतात आणि तपासणीची तारीख जवळ आली, की आजोबा चार दिवस मनोभावे गोळी घेतात. टी-४ लगेच वर येतो; टीएसएचला खाली यायला मात्र आठवडे लागतात. टी-४ रक्तातून निम्मा होण्यास सुमारे सात दिवस घेतो आणि पीयूषिका त्याहूनही सावकाश निवळते. म्हणूनच मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. अशा वेळी आजोबांना उलटतपासणीला उभे करू नये. विसरणे हा गुन्हा नाही. कित्येकदा ते स्मृती मंदावत असल्याचे पहिले लक्षण असते आणि तेच डॉक्टरांना कळायला हवे. तपासणीच्या सकाळी मात्र गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास टी-४ तात्पुरता चढलेला असतो.

प्रयोगशाळा बदलली, यंत्र बदलले, वेळ बदलली, तरी आकडा बदलतो. टीएसएच मध्यरात्रीनंतर व पहाटे सर्वांत जास्त आणि दुपारी कमी असतो. मागच्या वेळी दुपारी चार वाजता ३.८ आणि या वेळी सकाळी सात वाजता ५.१, यांत शरीरात काहीच घडलेले नसू शकते. टी-४ च्या बाबतीत एककही पाहावे. एका प्रयोगशाळेत फ्री टी-४ १.२ येतो, तर दुसरीत १५.४, पहिला नॅनोग्रॅममध्ये, दुसरा पिकोमोलमध्ये, आणि दोन्ही एकच आहेत. एका गृहस्थांनी यावरून मुलाला पुण्याहून बोलावून घेतले होते.

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांचा टीएसएच ६.९ आहे, टी-४ योग्य आहे, अहवालात ४.५ च्या पुढे बाण काढलेला आहे. ते थकलेले असतात. तर गोळी का देत नाही? मुलाचा हा प्रश्न प्रेमापोटी असतो. वय वाढते तसा निरोगी माणसाचाही टीएसएच थोडा वर सरकतो. ऐंशीच्या पुढे ७ ते ७.५ पर्यंतचा आकडा स्वाभाविक मानला जातो. प्रयोगशाळा मात्र बहुधा तरुण-वृद्ध सर्वांना एकच पट्टी लावते. २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत पासष्ट वर्षांवरील ७३७ जणांना, ज्यांचा टीएसएच असाच किंचित वाढलेला होता, थायरॉक्सिन किंवा तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या देऊन पाहिल्या. वर्षभरानंतर औषध घेणाऱ्यांचा टीएसएच छान उतरला होता. थकवा आणि इतर तक्रारी मात्र दोन्ही गटांत सारख्याच राहिल्या. म्हणजे बरा झाला तो कागद.

तेव्हा अशा आजोबांना मी लगेच गोळी देत नाही. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतो. पुष्कळांचा आकडा आपोआप खाली आलेला असतो. आणि थकव्याचे कारण दुसरीकडे शोधतो : हिमोग्लोबिन, बी-१२, झोप, जेवण, रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा, आणि पत्नी गेल्यानंतरचे एकाकीपण. टीएसएच १० च्या पुढे टिकून राहिला, तर गोष्ट निराळी. तिथे उपचाराकडे कल असतो, तोही वृद्धांत, विशेषतः हृदयविकार असल्यास, १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून, पायरी-पायरीने. अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची चाचणी एकदा सकारात्मक आली, की ती पुन्हा पुन्हा करू नये. ग्रंथीवर शरीराचाच हल्ला चालू आहे, एवढेच ती सांगते. तिचा आकडा उतरविणे हा उपचार नव्हे.

रुग्णालयातून नुकत्याच घरी आलेल्या माणसाचा अहवाल तर हाताच्या अंतरावर ठेवूनच वाचावा. मोठ्या आजारपणात शरीर आपला खर्च आवरते. टी-३ घटतो, कधी टीएसएचही घटतो. बरे होताना टीएसएच तात्पुरता उसळून १० च्याही पुढे जातो. न्यूमोनियातून उठलेल्या एका काकांचा तिसऱ्या आठवड्यातील टीएसएच १४ होता. काहीही न करता दोन महिन्यांनी तो ३.१ झाला. याउलट हृदयाच्या लयीसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांचा आकडा हसण्यावारी नेऊ नये. त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, आणि आपली रोजची गरज आहे १५० मायक्रोग्रॅमची. ग्रंथी त्याने मंदही होते आणि भडकूही शकते. औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर सहा महिन्यांनी तपासणी हवीच. मनोविकारासाठी लिथियम घेणाऱ्यांनाही हेच लागू.

आतापर्यंत मी बिघडलेल्या आकड्यांमागच्या निरोगी माणसांविषयी बोललो. एक गोष्ट उलटी आहे. सहासष्ट वर्षांच्या एक शेतकरी बाई, वर्षानुवर्षे थकलेल्या, चेहरा पांढुरका, त्वचा कोरडी. एका शिबिरात त्यांचा टीएसएच २.१ आला होता, म्हणून फायलीवर 'थायरॉइड नॉर्मल' असे लिहिलेले. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला, तेव्हा त्या गुंगीत होत्या आणि रक्तातील सोडियम १२१ वर उतरले होते. मी मुलाला बाहेर बसवून बाईंना शेवटच्या बाळंतपणाविषयी विचारले. त्या हळूहळू सांगू लागल्या : घरीच झाले, फार रक्त गेले, दोन दिवस शुद्ध नव्हती, अंगावर दूध आलेच नाही, आणि पाळीही पुन्हा कधी आली नाही. छत्तीस वर्षे झाली होती. फ्री टी-४ मोजला, तो ०.४ निघाला.

बाळंतपणातील अतिरक्तस्रावाने पीयूषिका ग्रंथीच सुकून गेली होती. शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये या स्थितीचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. हुकूम देणारीच आजारी, तर हुकुमाचा आकडा 'योग्य' दिसूनही फसवा असतो. इथे आणखी एक सापळा आहे. अशा रुग्णात कॉर्टिसॉलही कमी असते आणि ते भरून काढण्यापूर्वी थायरॉक्सिन दिले, तर रुग्ण कोसळू शकतो. बाईंना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविले. संप्रेरकतज्ज्ञांनी आधी स्टेरॉइड, मग काही दिवसांनी थायरॉक्सिन सुरू केले. दोन महिन्यांनी त्या चालत आल्या आणि येताना शेंगा घेऊन आल्या. "इतकी वर्षं वाटायचं, माझाच स्वभाव आळशी," असे म्हणाल्या. छत्तीस वर्षे घरात हेच ऐकले असावे.

नुसता टीएसएच तपासणाऱ्या योजनांविषयी माझे मत यामुळेच थोडे कडवट आहे. बहुतेकांना तो पुरतो, हे खरे. पण थकवा, कमी रक्तदाब, घटलेले सोडियम, वारंवार भोवळ, दृष्टीचा घेर कमी होणे, किंवा जुन्या बाळंतपणाची अशी हकिगत असेल, तर फ्री टी-४ सोबत हवाच. आपल्या घरातील आईला किंवा आजीला हा प्रश्न एकदा निवांतपणे विचारून पाहा. त्या आपणहून सांगत नाहीत.

घरी एक साधी वही ठेवावी, असे मी सर्वांना सांगतो. तारीख, रक्त दिल्याची वेळ, प्रयोगशाळा, आकडे एककासह, त्या दिवशीची मात्रा, आणि मागच्या तपासणीपासून नवे काय सुरू झाले ते : केसांची गोळी, मुलीने पाठविलेली बाटली, वैद्यांची पुडी, सगळे. आकडा विचित्र आला, तर गोळी स्वतः बंद किंवा कमी-जास्त करू नये. वही आणि पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्र छातीत धडधड, अनियमित नाडी, धाप, गुंगी किंवा बोलण्यात असंबद्धता असेल, तर वहीसाठी थांबू नये, त्याच दिवशी जावे.

कॅल्शियमचा उल्लेख आज ओघाने आला. ते किती, कोणी आणि किती काळ घ्यावे, याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. पुढील अंकात त्यांना उत्तरे देईन.